प्रवाळखडक का मरत आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवाळांच्या ऱ्हासाचा विषय निघाला की प्रत्येकाचा एक ठरलेला गुन्हेगार असतो. कुणी तापमानवाढीचं नाव घेतं, कुणी पर्यटकांचं, कुणी ट्रॉलरवाल्यांचं. खाली बरीच कारणं आली आहेत, पण ती वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. प्रवाळ मरतात कशानं, हा पहिला. आणि मेलेल्या जागी नवे प्रवाळ का धरत नाहीत, हा दुसरा. वादळं, भूकंप, रोग हे प्रवाळखडकांना अनादी काळापासून सोसावे लागले आहेत आणि ते त्यातून पुन्हा उभेही राहिले आहेत. आताचं दुखणं असं की घाव लवकर लवकर बसतात आणि जखम भरायला लागणारी परिस्थितीच आपण बिघडवून ठेवली आहे.

प्रवाळ म्हणजे नक्की काय? दगड, झाड की प्राणी?

प्राणी. जेलीफिशच्या नात्यातला. एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. तो स्वतःखाली चुनखडीचा पेला रचतो आणि अशा हजारो पॉलिपांची मिळून एक वसाहत होते. या वसाहतींचे सांगाडे एकावर एक रचले जाऊन जो खडक उभा राहतो तो प्रवाळखडक, म्हणजेच प्रवाळभित्ती. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि पॉलिपला लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा पुरवतात. प्रवाळाचा रंगही बराचसा त्यांचाच. बदल्यात त्यांना सुरक्षित घर आणि पॉलिपच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं खत म्हणून मिळतात.

पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या भागीदारीपाशी येतात. शैवालाला ऊन लागतं, म्हणून गढूळ पाणी घातक. आणि ही भागीदारी तापमानाच्या अगदी अरुंद पट्ट्यातच टिकते.

वाढीचा वेगही ध्यानात असू द्या. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला १० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढू शकतात, पण घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर. साडेतीन मीटर उंचीचा असा घुमट कुठे दिसला, तर तो साधारण सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला त्या काळात वाढायला लागलेला असणार. तो एका उन्हाळ्यात मरू शकतो.

सगळ्यात मोठं कारण कोणतं?

समुद्राचं तापणं. आज याबद्दल शास्त्रज्ञांत खरा वाद उरलेला नाही.

पाणी फार तापलं की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि पॉलिपच्या पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊ लागतात. मग पॉलिप त्या शैवालांना बाहेर काढतो. रंग जातो, पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. या अवस्थेत प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवालं परत येतात. नाही निवलं तर तो मरतो, आणि त्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं.

यासाठी पाणी उकळावं लागत नाही. त्या जागेच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश जास्त, तेही काही आठवडे, एवढं पुरतं. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून जास्तीची उष्णता आणि तिचा काळ यांचा गुणाकार मांडत असते. तो आकडा चार 'अंश-आठवड्यां'वर गेला की विरंजन अपेक्षित, आठवर गेला की मोठ्या प्रमाणावर मृत्यू.

जगभर एकाच वेळी पसरलेलं विरंजन पहिल्यांदा १९९८ मध्ये नोंदलं गेलं. मग २०१०, मग २०१४ ते २०१७ असं लांबलेलं तिसरं, आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं चौथं. या चौथ्या लाटेत मार्च २०२५ पर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजनाइतकी उष्णता सोसावी लागली होती. खडक सावरायला किमान दहा वर्षं मिळावीत असं मानलं जातं. वरची वर्षं पाहिली तर तेवढी उसंत मिळत नाही हे दिसतंच.

पण एल निन्यो तर पूर्वीही यायचा. तेव्हा प्रवाळ का मरत नव्हते?

एल निन्यो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी एरवीपेक्षा जास्त तापणं. तो ज्या पाण्यावर स्वार होतो ते पाणीच आता आधीपासून गरम आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जास्तीच्या उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो. पूर्वी एल निन्योचं एखादं वर्ष पाण्याला धोक्याच्या रेषेच्या जवळ नेऊन सोडायचं. आता तीच भर ती रेषा ओलांडून नेते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २०२२ मध्ये मोठं विरंजन झालं ते ला निन्याच्या, म्हणजे एरवी थंड असणाऱ्या वर्षात. 'एल निन्यो नैसर्गिकच आहे' या युक्तिवादाला यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

भारतात याचा फटका कुठे बसला?

लक्षद्वीपला फार बसला, आणि मला वाटतं महाराष्ट्रात त्याची पुरेशी जाणीव नाही. ही बेटं प्रवाळांवर बसलेली नाहीत, ती प्रवाळांचीच बनलेली आहेत. तिथली वाळूसुद्धा प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा. ३६ बेटं, त्यांतल्या १० वर वस्ती, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची बहुतेक ठिकाणी दोन-चार मीटर. मोसमी लाटांचा जोर बाहेरची प्रवाळभित्ती तोडते, म्हणून आत शांत लॅगून, म्हणजे भित्तीच्या आतलं उथळ पाणी, आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, नारळ आहेत. भित्तीची वाढ थांबली आणि ती झिजू लागली, तर हे सगळंच धोक्यात येतं.

१९९८, २०१० आणि २०१६ अशी तीन मोठी विरंजनं तिथे झाली. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवरच्या १९९८ ते २०२२ या काळातल्या निरीक्षणांत जिवंत प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आलेलं दिसलं. प्रत्येक वेळी मरणाऱ्यांचं प्रमाण आधीपेक्षा कमी होतं, कारण नाजूक जाती आधीच गेल्या होत्या. पण सावरण्याचा वेगही मंदच राहिला. सलग सहाएक वर्षं विरंजनाविना गेली तरच तो चांगला वाढतो, असं त्या अभ्यासात दिसलं. त्यानंतर २०२४ चा उन्हाळा आला आणि लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले.

आपल्याकडे धोक्याचे महिने म्हणजे एप्रिल आणि मे. पाऊस सुरू झाला की ढगांची सावली येते, वारा पाणी ढवळतो आणि समुद्र निवतो. मान्सून उशिरा आला की शेतकऱ्यासोबत प्रवाळांचेही दिवस कठीण जातात.

समुद्र आम्लधर्मी होतोय म्हणतात. मग प्रवाळ विरघळतात का?

समुद्राचं पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे, पण कमी कमी होत चाललं आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषतो. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून त्याचा सरासरी सामू (पीएच) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. फरक छोटा वाटतो, पण हे माप लॉगरिथमचं असल्यामुळे आम्लता साधारण ३० टक्क्यांनी वाढली असा त्याचा अर्थ. त्यामुळे सांगाडा रचायला लागणारे कार्बोनेट आयन कमी पडतात. वाढ मंदावते, सांगाडा ठिसूळ होतो, वादळात लवकर मोडतो. उष्णता एका उन्हाळ्यात मारते. आम्लीकरण हळूहळू सावरण्याची ताकद काढून घेतं.

म्हणजे स्थानिक कारणांना काही अर्थ नाही?

फार मोठा अर्थ आहे. जमैकाचं उदाहरण घ्या, कारण याहून शिकवणारं दुसरं मला माहीत नाही.

तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जिवंत प्रवाळांचं आच्छादन ५० टक्क्यांच्या वर होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ५ टक्क्यांच्या खाली गेलं. मधल्या काळात घडलं ते असं. शेवाळ खाणारे पोपटमासे आणि इतर मोठे मासे दशकानुदशकं बेसुमार पकडले गेले होते. तरी खडक स्वच्छ राहत होता, कारण लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन नावाचे गोल समुद्री प्राणी शेवाळ खाण्याचं ते काम एकट्याने करत होते. १९८० मध्ये ॲलन नावाच्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले. त्याच सुमारास व्हाइट बँड रोगाने कॅरिबियन समुद्रातले फांद्यांचे प्रवाळ संपवत आणले. मग १९८३-८४ मध्ये एका साथीत त्या भागातले ९० टक्क्यांहून अधिक सी अर्चिन मेले. चरणारं कुणी उरलं नाही. शेवाळ माजलं आणि नव्या प्रवाळपिल्लांना चिकटायला उघडा खडकच राहिला नाही.

इथे प्रवाळ वादळानं मेले की रोगानं, एवढंच विचारलं तर उत्तर अर्धवट राहतं. खडक परत का उभा राहिला नाही? कारण चरणारे मासे आधीच ताटात गेले होते. याउलट लक्षद्वीपमध्ये परंपरेनं मासेमारी मुख्यतः टूनाची, तीही गळानं आणि खोल पाण्यात. खडकावरचे मासे राहिले, आणि १९९८ नंतर तिथले बरेच भाग सावरले त्यात या माशांचा वाटा होता. अलीकडे खडकावरच्या माशांनाही बाजार मिळू लागला आहे. ते जपणं स्थानिकांच्या आणि प्रशासनाच्या हातात आहे.

सांडपाणी आणि गाळ यांनी नेमकं काय होतं?

गाळ ऊन अडवतो, पॉलिपवर बसतो आणि तो झटकण्यात त्याची शक्ती खर्च होते. खतं आणि मैलापाणी यांतल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसलं जातं. रोगही येतात. फ्लोरिडात एल्कहॉर्न प्रवाळांना झालेल्या व्हाइट पॉक्स रोगामागे माणसाच्या मैल्यातून आलेला जिवाणू होता, हे सिद्ध झालं आहे.

इथे एक दिलासा देणारी गोष्टही आहे. हवाईतल्या कानेओहे उपसागरात अनेक वर्षं सांडपाणी सोडलं जाई आणि बुडबुड्यासारखं एक शेवाळ प्रवाळांना झाकून टाकत होतं. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी खोल समुद्राकडे वळवलं. पुढच्या काही वर्षांत शेवाळ ओसरलं आणि प्रवाळ परतू लागले.

प्रवाळ खाणारा तारामासा हा खरा दोषी नाही का?

'क्राउन ऑफ थॉर्न्स' हा काटेरी तारामासा प्रवाळांवरच जगतो. थोडे असले तर तो खडकाच्या जीवनाचा भागच आहे, कारण तो भराभर वाढणाऱ्या जाती आवडीनं खातो आणि हळू वाढणाऱ्यांना जागा मिळते. प्रश्न टोळधाड पडल्यावर उभा राहतो. ग्रेट बॅरियर रीफवर १९८५ ते २०१२ या काळात प्रवाळांचं आच्छादन २८ वरून सुमारे १४ टक्क्यांवर आलं. त्यातला ४८ टक्के वाटा चक्रीवादळांचा, ४२ टक्के या तारामाशाचा आणि १० टक्के विरंजनाचा, अशी विभागणी शास्त्रज्ञांनी तेव्हा केली होती.

ही आकडेवारी अजूनही 'बघा, तापमानवाढ किरकोळ आहे' असं म्हणायला वापरली जाते, ते चूक आहे. ती २०१२ मध्ये थांबते. त्यानंतर त्या खडकावर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठी विरंजनं झाली. शिवाय तारामाशाची पिल्लं ज्या सूक्ष्म वनस्पतींवर वाढतात, त्या शेतातून वाहून आलेल्या खतांमुळे वाढतात असा सबळ संशय आहे.

सहाराच्या धुळीमुळे प्रवाळ मरतात असं वाचलं. खरं आहे का?

आफ्रिकेतली धूळ वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमध्ये पडते, हे खरं. तिच्यातून लोह, पोषकद्रव्यं आणि रोगजंतू येत असावेत आणि १९७० नंतरच्या ऱ्हासाला तिचा हातभार असावा, अशी कल्पना काही शास्त्रज्ञांनी मांडली. सी फॅन या मऊ प्रवाळांना एका बुरशीचा रोग झाला तेव्हा या कल्पनेला जोर आला. पुढे धुळीचे नमुने तपासले गेले, त्यांत ती बुरशी सापडली नाही. आज या कारणाला कुणी पहिल्या रांगेत बसवत नाही. तरी मी ते इथे ठेवलं आहे, कारण कारण शोधणं म्हणजे अंदाज बांधणं आणि मग तो प्रामाणिकपणे तपासणं हे त्यातून कळतं.

निसर्गानेच प्रवाळ मारल्याचं भारतातलं उदाहरण आहे का?

आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला. तिथले प्रवाळ कायमचे पाण्याबाहेर आले आणि उन्हात मेले.

मन्नारच्या आखातात काय झालं?

तिथलं सगळ्यात मोठं नुकसान अगदी साध्या कारणानं झालं: लोकांनी प्रवाळ खणून नेले. तुतिकोरिन ते रामेश्वरम यांमधल्या २१ बेटांभोवतीचे प्रवाळ चुन्यासाठी आणि बांधकामासाठी अनेक दशकं काढले जात होते. राष्ट्रीय उद्यान १९८६ मध्ये जाहीर झालं तरी खणणं चालूच राहिलं. २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत घेतलं गेलं, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या लोकांनाही भित्तीचं मोल पटलं. तोवर दोन बेटं पाण्याखाली गेली होती.

तिथे एक नवं संकटही आलं. कॅराजीनन या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थासाठी कॅपाफायकस नावाचं परदेशी समुद्री शेवाळ लावलं जातं. ते कुरुसडई बेटाजवळ शेतीबाहेर पसरलं आणि जिवंत प्रवाळांवर चढून त्यांचा श्वास कोंडू लागलं. उपटलं तरी मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं. रोजगार देणारी योजना म्हणून ती आली होती, आणि तो रोजगार खराही आहे. पण परदेशी जात प्रवाळांच्या शेजारी आणण्याआधी जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली गेली नाही.

महाराष्ट्रात प्रवाळ आहेत? त्यांची स्थिती काय?

आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. इथलं पाणी लक्षद्वीपसारखं निळंशार नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, त्यामुळे गढूळपणा सोसणाऱ्या चिवट जातीच इथे टिकतात. म्हणून त्यांना दुय्यम समजू नये. गढूळ पाणी उन्हाची तीव्रता कमी करत असल्यानं असे खडक उष्णतेच्या काळात आसरा ठरू शकतात का, याचा अभ्यास जगभर सुरू आहे. तरी विरंजन मालवणलाही नोंदलं गेलं आहे. त्यावर होड्यांचे नांगर, खडकावर उभे राहणारे पर्यटक, हरवलेली जाळी आणि किनाऱ्यावरच्या वाढत्या बांधकामांचं सांडपाणी यांची भर.

विजयदुर्गापासून समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि त्यावर सुरेख प्रवाळ आहेत. किनाऱ्याचं सांडपाणी तिथे पोचत नाही. मोठ्या जाळ्यांपासून मात्र त्याला जपायला हवं.

मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, तो समजून घेतला पाहिजे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, ओढणाऱ्याला नियम आणि बाहेरून येणाऱ्या यांत्रिक नौकांना मोकळं रान, असं झालं तर संरक्षण कुणाला आपलं वाटेल? ज्याचं पोट खडकावर अवलंबून आहे त्याला वगळून खडक वाचवता येत नाही.

मुंबईत कोस्टल रोडसाठी प्रवाळ हलवले होते. तो उपाय आहे का?

२०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. मुंबईच्या पाण्यात प्रवाळ आहेत हे अनेकांना तेव्हाच कळलं. भरावाखाली गाडण्यापेक्षा हलवणं बरंच. पण वसाहत हलवता येते, तिची जागा हलवता येत नाही. त्या खडकावरचे खेकडे, स्पंज, माशांची पिल्लं मागेच राहतात. तुतिकोरिनजवळ वान बेटापुढे काँक्रीटच्या कृत्रिम भित्ती सोडून बेटाची धूप आटोक्यात आणली, असे प्रयोग उपयोगी आहेत. पाणी तापत राहिलं तर लावलेले प्रवाळही पांढरे पडतात.

सनस्क्रीनमुळे खरंच इतकं नुकसान होतं?

ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रयोगशाळेत प्रवाळपिल्लांना घातक ठरली आहेत. हवाईने २०२१ पासून त्यांची विक्री थांबवली. उघड्या समुद्रात ती बहुधा फार विरळ होतात. गर्दीच्या उथळ जागी टाळावीत. अंगभर कपडा घालून उतरलात तर प्रश्नच मिटतो. पण उष्णतेच्या तुलनेत हे कारण लहान आहे, आणि बाटली बदलून काम झालं असं वाटून घेऊ नये.

अंगठीतलं पोवळं याच प्रवाळांचं असतं का?

नाही. दागिन्यातलं लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचं. ती सावलीत आणि खोल पाण्यात वाढते, खडक बांधत नाही आणि तिच्यात शैवालं नसतात. मात्र ती अतिशय हळू वाढते आणि तिचीही बेसुमार काढणी झाली आहे.

अजून काही वाचू शकतं का?

आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार जग १.५ अंशानं तापलं तर उष्ण पाण्यातले ७० ते ९० टक्के प्रवाळखडक जातील, २ अंशांनी तापलं तर ९९ टक्क्यांहून जास्त. ही वाक्यं लिहिताना त्रास होतो. पण त्याच वाक्यात हेही आहे की त्या अर्ध्या अंशावर उरलेल्या खडकांचं असणं-नसणं ठरतं. कोळसा आणि तेल किती जाळायचं याचा निर्णय म्हणजे थेट या खडकांचा निर्णय. आणि जे वाचतील ते कुठले? बहुधा जिथे पाणी स्वच्छ आहे, चरणारे मासे आहेत, नांगर पडत नाहीत.

मी तारकर्लीला स्नॉर्केलिंगला जाणार आहे. काय पाळू?

खडकावर उभं राहू नका, हात लावू नका, गाईडनं सांगितलं तरी नाही. पोहता येत नसेल तर प्रवाळांवर शिकू नका, आधी वाळूवर सराव करा. माशांना पाव किंवा बिस्किटं टाकून जमवणाऱ्या होडीवाल्याला नम्रपणे नको म्हणा. भरलेल्या पोटाचे मासे शेवाळ चरत नाहीत. होडी खडकावर नांगर टाकते की बांधलेल्या तरंगत्या खुणेला दोर लावते, हे पैसे देण्याआधी विचारा. गिऱ्हाईकं विचारू लागली की पद्धत बदलते.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा आठवण म्हणून आणला तर चालेल?

नाही. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या कायद्यात मेलेला तुकडाही येतो. अंदमान आणि लक्षद्वीपहून परतताना विमानतळावर सामान तपासलं जातं. तो तुकडा पुढे दळून वाळू होतो, आणि लक्षद्वीपसारखी बेटं त्याच वाळूची आहेत.